मातीतील उणीव आणि विषाणूंचा उपद्रव

मानवी शरीराचा फार मोठा भाग कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन आणि नायट्रोजन या चार मूलद्रव्यांचा बनलेला आहे. उरलेल्या भागात कॅल्शियम, फॉस्फरस, सोडियम, पोटॅशियम यांसारखी खनिजे असतात. त्यांच्याखेरीज आणखी काही मूलद्रव्ये शरीरात इतक्या अल्प प्रमाणात आढळतात, की एकेकाळी रसायनशास्त्रज्ञ त्यांची नोंद केवळ 'लेशमात्र' अशी करीत असत. लोह, जस्त, तांबे, आयोडीन, सिलेनियम ही अशी मूलद्रव्ये होत. प्रौढ माणसाच्या शरीरातील सगळे लोह एकत्र केले तर त्यातून जेमतेम एखादा मोठा खिळा तयार होईल. सिलेनियमचे प्रमाण तर काही मिलिग्रॅमच्या पलीकडे जात नाही. परंतु प्रमाण अल्प म्हणून महत्त्वही अल्प, असे अनुमान येथे लागू पडत नाही.

कुपोषित मूल रोगांना लवकर बळी पडते, हे अनुभवाने सर्वांनाच ठाऊक होते. या अनुभवाला शास्त्रीय बैठक देणारा एक ग्रंथ नेव्हिन स्क्रिमशॉ, कार्ल टेलर आणि जॉन गॉर्डन यांनी सिद्ध केला व तो जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ साली प्रसिद्ध केला. कुपोषणाने संसर्ग बळावतो आणि संसर्गाने कुपोषण वाढते, असे हे दुष्टचक्र त्यांनी स्पष्ट केले. त्या विवेचनात लक्ष केंद्रित झाले होते ते रोग्याच्या शरीरावर. शरीर दुबळे झाले म्हणजे रोगजंतू प्रबळ ठरतो. जंतू मात्र होता तसाच राहतो, हे त्यामागील गृहीत होते. पुढे चीनमधील एका हृदयविकाराच्या अभ्यासातून आणि अमेरिकेतील प्रयोगशाळांमध्ये उंदरांवर झालेल्या प्रयोगांतून या गृहीतालाच धक्का बसला. आहारातील उणिवेमुळे रोगी तर बदलतोच, पण त्याच्या शरीरात शिरलेला विषाणूही बदलू शकतो, असे आढळून आले. तो शोध कसा लागला हे या प्रकरणात पाहावयाचे आहे.

केशानचा रोग

चीनच्या ईशान्य टोकाला हेलुंगच्यांग प्रांतात केशान नावाचा तालुका आहे. १९३५ सालच्या हिवाळ्यात तेथील खेड्यांमध्ये एका भयंकर रोगाची साथ उद्भवली. धडधाकट दिसणाऱ्या माणसाला एकाएकी छातीत घुसमटल्यासारखे होई, मळमळून पिवळसर पाणी ओकले जाई, हातपाय गार पडत आणि पुष्कळदा एक-दोन दिवसांत मृत्यू ओढवे. मृतांच्या हृदयाची तपासणी केली असता ते फुगलेले व पातळ पडलेले दिसे. हृदयाच्या स्नायूत जागोजाग मृत पेशींचे ठिपके आणि त्यांच्या जागी तयार झालेला वणासारखा तंतुमय भाग आढळे. जेथे हा रोग प्रथम ठळकपणे नोंदला गेला त्या तालुक्याचेच नाव त्याला मिळाले.

पुढील काळात असे दिसून आले, की हा रोग केवळ केशानपुरता मर्यादित नाही. ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे चीनच्या भूमीला तिरका छेदून जाणाऱ्या एका रुंद पट्ट्यात तो पसरलेला होता. या पट्ट्यातही तो सर्वांना सारखा छळत नसे. मुले आणि मूल होण्याच्या वयातील स्त्रिया हे त्याचे मुख्य भक्ष्य होते. शेतकरी कुटुंबांत तो आढळे. परंतु त्याच परिसरात राहणाऱ्या आणि बाहेरून आलेले धान्य खाणाऱ्या नोकरदार कुटुंबांत तो क्वचितच दिसे. थंडीत दारे-खिडक्या बंद करून शेकोटी पेटविल्यामुळे कोंडणारा विषारी वायू, दूषित पाणी, एखादा जंतू अशी अनेक कारणे सुचविली गेली. त्यांपैकी एकानेही रोगाच्या साऱ्या लक्षणांचा उलगडा होत नव्हता.

एक धागा गुरांच्या वैद्यकाकडून मिळाला. मेंढ्यांच्या कोकरांना व गाईंच्या वासरांना होणारा 'श्वेतस्नायू' नावाचा रोग पशुवैद्यांना परिचित होता. त्यात स्नायू पांढुरके पडतात आणि हृदयाचा स्नायूही निकामी होतो. त्याचे कारण चाऱ्यातील सिलेनियमची उणीव हे असल्याचे सिद्ध झालेले होते. सिलेनियम या मूलद्रव्याचा शोध स्वीडनच्या बर्झेलियसने १८१७ साली लावला होता. पण ते प्राण्यांना आवश्यक आहे हे क्लाउस श्वार्ट्‌झ यांनी १९५७ साली दाखवून देईपर्यंत त्याची ख्याती एक विष अशीच होती. केशान रोगाच्या पट्ट्यातील जनावरांनाही श्वेतस्नायू रोग होत असे. तेथील माती, धान्य, आणि माणसांचे रक्त व केस यांची तपासणी झाली तेव्हा सर्वत्र सिलेनियमचे प्रमाण अत्यंत कमी आढळले. रोगग्रस्त गावांतील माणसाच्या पोटात दिवसाकाठी सुमारे १० मायक्रोग्रॅम सिलेनियम जात होते. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग होय. निरोगी प्रौढाला दररोज साधारण ५५ मायक्रोग्रॅम मिळावे, असे अमेरिकेतील पोषणतज्ज्ञांनी पुढे ठरविले. यावरून या उणिवेची तीव्रता ध्यानात येईल.

गोळ्यांचा प्रयोग

अनुमानाची परीक्षा प्रयोगाने व्हावी लागते. नैर्ऋत्य चीनमधील सिच्वान प्रांतात मिआननिंग तालुक्यात १९७४ साली ती घेण्यात आली. एक ते नऊ वर्षे वयाच्या मुलांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला आठवड्यातून एकदा सोडियम सिलेनाइटची गोळी दिली गेली. लहान मुलांना अर्धा मिलिग्रॅम आणि मोठ्यांना एक मिलिग्रॅम. दुसऱ्या गटाला दिसण्यात तशीच, पण औषध नसलेली गोळी मिळाली.

पहिल्या वर्षी औषध न मिळालेल्या ३,९८५ मुलांपैकी ५४ जणांना रोग झाला. औषध मिळालेल्या ४,५१० मुलांपैकी केवळ १० जणांना झाला. दुसऱ्या वर्षी हे आकडे अनुक्रमे ५,४४५ पैकी ५२ आणि ६,७६७ पैकी ७ असे होते. म्हणजे दर हजारी साडेनऊ विरुद्ध एक. इतका उघड फरक दिसल्यानंतर काही मुलांना कोरी गोळी देत राहणे अन्यायाचे ठरले असते. म्हणून १९७६ पासून सर्वच मुलांना सिलेनियम देण्यात आले. या प्रयोगाचा वृत्तान्त १९७९ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या पोषणशास्त्रज्ञांचे लक्ष त्याकडे वेधले गेले.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. सिलेनियमने रोगाला प्रतिबंध केला. पण ज्यांच्या हृदयाची हानी आधीच झाली होती त्यांना ते बरे करू शकले नाही. पडलेली भिंत चुना लावून उभी राहत नाही, तसेच हे.

न सुटलेले कोडे

सिलेनियमच्या उणिवेमुळे केशान रोग होतो, एवढ्यावर विषय संपला असता. परंतु काही अभ्यासकांना एक शंका सतावीत होती. मातीतील सिलेनियमचे प्रमाण वर्षानुवर्षे तेच राहते. मग रोग मात्र एका वर्षी भडकतो आणि दुसऱ्या वर्षी शमतो, हे का? उत्तरेकडे तो हिवाळ्यात वाढे, तर दक्षिणेकडे उन्हाळ्यात. एकाच गावातील सारख्याच आहारावर वाढणाऱ्या मुलांपैकी काहींना तो होई व बहुतेकांना होत नसे. ऋतूंप्रमाणे येणे-जाणे आणि साथीच्या रूपाने पसरणे ही लक्षणे नुसत्या उणिवेची नव्हेत. ती संसर्गाची आहेत.

म्हणून रोग्यांच्या शरीरात विषाणूंचा शोध सुरू झाला आणि काही रोग्यांमध्ये कॉक्सॅकी जातीचे विषाणू सापडले. न्यूयॉर्क राज्यातील कॉक्सॅकी या गावातील मुलांमध्ये हे विषाणू प्रथम आढळले म्हणून गिल्बर्ट डॉलडॉर्फ यांनी त्यांना ते नाव दिले. पोलिओच्या विषाणूचे हे जवळचे भाऊबंद होत. बहुतेक माणसांत त्यांच्यामुळे साधा ताप किंवा पडसे यांपलीकडे काही होत नाही. मात्र त्यांच्या 'बी' गटातील काही विषाणू हृदयाच्या स्नायूला सूज आणू शकतात. केशानच्या एका रोग्यापासून मिळविलेला कॉक्सॅकी बी-४ विषाणू चिनी शास्त्रज्ञांनी उंदरांना टोचून पाहिला. सिलेनियम कमी असलेल्या धान्यावर पोसलेल्या उंदरांच्या हृदयाची हानी अधिक झाली. पुरेसे सिलेनियम मिळालेल्या उंदरांची कमी झाली. उणीव आणि विषाणू हे दोन्ही एकत्र आले म्हणजेच रोग प्रकट होतो, असे चित्र त्यातून पुढे आले.

उंदरांच्या हृदयातील घडामोड

या चित्रातील सर्वांत अनपेक्षित भाग अमेरिकेत उजेडात आला. उत्तर कॅरोलायना विद्यापीठातील मेलिंडा बेक आणि अमेरिकेच्या कृषी विभागातील ऑर्व्हिल लेव्हँडर यांनी १९९० नंतरच्या काही वर्षांत एक प्रयोगमालिका हाती घेतली. त्यांनी कॉक्सॅकी बी-३ या विषाणूचा मुद्दाम एक निरुपद्रवी वाण निवडला. हा वाण उंदराच्या शरीरात वाढतो, परंतु हृदयाला इजा करीत नाही. उंदरांच्या एका गटाला चार आठवडे सिलेनियमविरहित आहार दिला. दुसऱ्या गटाला पुरेसे सिलेनियम असलेला. त्यानंतर दोन्ही गटांना तोच निरुपद्रवी विषाणू टोचला.

पुरेशा सिलेनियमवर वाढलेल्या उंदरांना काहीच झाले नाही. सिलेनियमची उणीव असलेल्या उंदरांच्या हृदयात मात्र ठळक सूज व पेशींचा नाश दिसून आला. येथपर्यंतचा निष्कर्ष जुन्याच समजुतीत बसणारा होता. उंदीर दुबळे होते, म्हणून गरीब विषाणूही त्यांना जड गेला, असे म्हणता आले असते.

परंतु शास्त्रज्ञ तेथे थांबले नाहीत. उणीव असलेल्या उंदरांच्या हृदयातून त्यांनी विषाणू पुन्हा काढून घेतला आणि तो सुपोषित, सिलेनियमची काहीही कमतरता नसलेल्या उंदरांना टोचला. या वेळी सुपोषित उंदरांच्या हृदयालाही इजा झाली. जो विषाणू एका उंदरात शिरताना सौम्य होता, तो बाहेर पडताना घातक बनला होता, आणि आता तो यजमानाच्या पोषणाची पर्वा करीत नव्हता.

या बदलाचा पुरावा विषाणूच्या जनुकीय द्रव्यातच मिळाला. कॉक्सॅकी विषाणूचे जनुकीय द्रव्य आरएनए या प्रकारचे असते. ते सुमारे साडेसात हजार एककांच्या साखळीचे बनलेले असून, त्या एककांच्या क्रमात विषाणूचे सारे गुणधर्म लिहिलेले असतात. हृदयाला घातक आणि निरुपद्रवी अशा वाणांमध्ये कोणत्या दहा जागी फरक असतो, हे आधीच ठाऊक होते. उणीव असलेल्या उंदरांतून काढलेल्या विषाणूत त्यांपैकी सहा जागी निरुपद्रवी खुणेऐवजी घातक खूण आलेली आढळली. विशेष म्हणजे निरनिराळ्या उंदरांतून मिळालेल्या विषाणूंत हे बदल एकसारखे होते. १९९५ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. यजमानाच्या आहारातील एका खनिजाच्या अभावामुळे विषाणूचे जनुकीय द्रव्य बदलते, ही गोष्ट त्यापूर्वी कोणी दाखविलेली नव्हती.

असे का घडते

याचे उत्तर समजण्यासाठी सिलेनियमचे शरीरातील कार्य पाहिले पाहिजे. पेशींमध्ये अन्नाचे ज्वलन होत असताना हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी काही अतिशय क्रियाशील द्रव्ये निर्माण होतात. चुलीतून ठिणग्या उडाव्यात तशी ही द्रव्ये पेशीच्या पटलांना, प्रथिनांना आणि जनुकीय द्रव्याला चटके देतात. त्यांना निष्प्रभ करण्यासाठी पेशीजवळ काही विकरे असतात. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज हे त्यांपैकी एक प्रमुख विकर होय. या विकराच्या नेमक्या कार्यस्थानी सिलेनियमचा अणू बसविलेला असतो, हे १९७३ साली सिद्ध झाले. सिलेनियम नसेल तर हे विकर तयारच होत नाही आणि ठिणग्या विझविणारा कोणी उरत नाही.

या स्थितीचा परिणाम दोन बाजूंनी होतो. पहिला परिणाम प्रतिकारक्षमतेवर होतो. विषाणूने ग्रासलेल्या पेशी ओळखून त्यांचा नाश करणे आणि इतर पेशींना सावध करणे हे काम रक्तातील 'टी' जातीच्या पांढऱ्या पेशी करतात. त्यासाठी त्यांना अल्पावधीत मोठ्या संख्येने वाढावे लागते. उणीव असलेल्या उंदरांत या पेशींची वाढ मंदावलेली आढळली. विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे मात्र दोन्ही गटांत सारखीच तयार झाली होती. म्हणजे प्रतिकाराची सारीच फळी कोसळली नव्हती. तिचा एक महत्त्वाचा दुवा निखळला होता. परिणामी हृदयात विषाणूंची संख्या अधिक वाढली.

दुसरा परिणाम विषाणूवर होतो. आरएनए विषाणू स्वतःच्या नकला करताना अनेक चुका करतात आणि त्या सुधारण्याची सोय बहुतेकांजवळ नसते. जितक्या नकला अधिक, तितक्या चुका अधिक. आणि त्या चुकांपैकी एखादी विषाणूला लाभदायक ठरण्याचा संभवही अधिक. विझविल्या न गेलेल्या क्रियाशील द्रव्यांमुळे विषाणूच्या आरएनएला थेट इजा होऊन चुकांचे प्रमाण वाढत असावे, असाही एक तर्क आहे. या दोहोंपैकी कोणत्या कारणाचा वाटा किती, याचा पूर्ण निर्णय लागलेला नाही. तथापि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजचा संबंध निश्चित आहे. कारण ज्या उंदरांमध्ये या विकराचे जनुकच निकामी केले होते, त्यांपैकी अर्ध्याहून अधिक उंदरांना, आहारात सिलेनियम पुरेसे असूनही, त्याच निरुपद्रवी विषाणूपासून हृदयरोग झाला.

इन्फ्लुएंझाच्या विषाणूचीही हीच गत झाली. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सौम्य जातीचा इन्फ्लुएंझा विषाणू सिलेनियमची उणीव असलेल्या उंदरांच्या फुप्फुसांत अधिक तीव्र रोग निर्माण करताना आढळला आणि त्याच्या एका जनुकात अनेक बदल झालेले दिसले. सहसा स्थिर राहणारे असे हे जनुक मानले जाई.

माणसांत असा प्रयोग करता येत नाही. तरीही एका सुरक्षित मार्गाने काही माहिती मिळविता आली. ब्रिटनमधील ज्या प्रौढांच्या रक्तात सिलेनियम जेमतेम होते, त्यांपैकी काहींना पंधरा आठवडे सिलेनियम देऊन मधल्या काळात पोलिओची तोंडाने घ्यावयाची लस पाजण्यात आली. या लशीत दुर्बल केलेला जिवंत विषाणू असतो. ज्यांना सिलेनियम मिळाले होते त्यांच्या शरीरातून तो लवकर नाहीसा झाला आणि मलावाटे बाहेर पडलेल्या विषाणूत बदलांची संख्याही कमी होती. हे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. लस सुरक्षित होती आणि कोणालाही रोग झाला नाही. परंतु उंदरांत दिसलेली दिशा माणसांतही तीच असल्याचे सूचित झाले.

जस्ताची कथा

सिलेनियमप्रमाणेच जस्ताची कथाही मातीत आणि भाकरीत सुरू होते, आणि तिचा नायक भारतीय आहे. बिहारमधील बक्सर येथे जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद १९५८ साली इराणमधील शिराझ येथे काम करीत असताना त्यांच्यासमोर एक रोगी आला. त्याचे वय एकवीस वर्षांचे, पण बांधा दहा वर्षांच्या मुलाएवढा होता. त्याचा आहार मुख्यतः बिनखमिराची गव्हाची रोटी हाच होता आणि त्याला माती खाण्याची सवय होती. असे अनेक रोगी त्या भागात होते. त्यांतील बहुतेक पंचविशी ओलांडत नसत आणि त्यांचा अंत बहुधा कोणत्या ना कोणत्या संसर्गाने होई. पुढे इजिप्तमध्ये केलेल्या अभ्यासातून डॉ. प्रसाद यांनी दाखवून दिले, की या रोग्यांत जस्ताची उणीव होती. माणसात जस्ताची उणीव होऊ शकते, हे प्रथम पुष्कळांना पटले नाही. १९७४ साली अमेरिकेत जस्ताची दैनिक गरज अधिकृतपणे ठरविण्यात आली, तेव्हा हा वाद मिटला.

जस्त हे शेकडो विकरांचा घटक आहे. पेशीविभाजनासाठी ते अनिवार्य असल्यामुळे वेगाने वाढणाऱ्या पेशींना त्याची उणीव प्रथम जाणवते. छातीतील यौवनलोपी ग्रंथी, जेथे टी पेशी परिपक्व होतात, ती जस्ताच्या अभावी सुकते. आतड्याचे अस्तरही कमकुवत होते आणि विषाणूंना शिरकाव सुलभ होतो. भारतात मुलांच्या अतिसारामागे रोटाव्हायरस हे एक मोठे कारण राहिले आहे. प्रत्येक हगवणीबरोबर शरीरातील जस्तही वाहून जाते आणि पुढच्या हगवणीला वाट मोकळी होते. नवी दिल्लीतील मुलांवर झालेल्या आणि १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जस्त दिल्याने अतिसार लांबण्याचा धोका सुमारे तेवीस टक्क्यांनी घटल्याचे दिसले. अशा अभ्यासांच्या आधारे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००४ साली अतिसाराच्या उपचारात क्षारयुक्त पाण्याबरोबर दहा ते चौदा दिवस जस्त देण्याची शिफारस केली. त्या शिफारशीत सहा महिन्यांवरील मुलांसाठी हे प्रमाण दररोज २० मिलिग्रॅम आणि त्याहून लहान बालकांसाठी १० मिलिग्रॅम होते. अतिसार थांबल्यानंतरही हे दिवस पूर्ण करावयाचे असतात. कारण येथे केवळ चालू दुखणे बरे करावयाचे नसून रिकामे झालेले भांडार भरावयाचे असते.

अति तेथे माती

एखाद्या द्रव्याच्या उणिवेने रोग होतो म्हणून ते जितके अधिक घ्यावे तितके चांगले, असा समज होणे स्वाभाविक आहे. खनिजांच्या बाबतीत तो धोक्याचा आहे. सिलेनियमच्या उणिवेचा देश असलेल्या चीनमध्येच हूपे प्रांतातील अन्‌शी भागात १९६१ ते १९६४ या काळात नेमका उलट रोग दिसला. तेथील दगडी कोळशात सिलेनियम विपुल होते व तेच मातीत उतरले होते. अवर्षणाने भाताचे पीक बुडाल्यामुळे लोक स्थानिक मका आणि भाजीपाला यांवर अधिक अवलंबून राहिले. त्यांचे केस गळाले, नखे निखळली आणि काहींच्या मज्जातंतूंवर परिणाम झाला.

भारतातही पंजाबमधील होशियारपूर आणि नवांशहर या जिल्ह्यांच्या काही भागांत शिवालिक टेकड्यांवरून वाहून आलेल्या गाळात सिलेनियमचे प्रमाण विषारी ठरण्याइतके आहे. तेथील जनावरांच्या खुरांत व शिंगांत विकृती आणि माणसांत केस व नखे यांचे विकार आढळले आहेत. प्रौढाने दिवसाला ४०० मायक्रोग्रॅमहून अधिक सिलेनियम घेऊ नये, अशी मर्यादा तज्ज्ञांनी घातली आहे. आवश्यक मात्रा आणि घातक मात्रा यांतील अंतर इतके अरुंद असलेली पोषकद्रव्ये फार थोडी आहेत.

लोहाचा अनुभवही सावध करणारा आहे. संसर्ग झाला की शरीर रक्तातील लोह स्वतःहून लपवून ठेवते, कारण पुष्कळ रोगजंतूंनाही वाढीसाठी लोह लागते. झांझिबारजवळील पेंबा बेटावर हिवतापाचा प्रादुर्भाव मोठा होता. तेथे लहान मुलांना सरसकट लोह आणि फॉलिक आम्ल दिल्यावर गंभीर आजार व मृत्यू वाढले, असे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. हिवताप हा विषाणूजन्य रोग नव्हे. परंतु धडा सर्वत्र लागू आहे. उणीव कोणाला आहे हे पाहूनच ती भरून काढावी लागते. २०२० सालच्या कोविड साथीत चीनमधील निरनिराळ्या शहरांतील सिलेनियमचे प्रमाण आणि रोगी बरे होण्याचे प्रमाण यांत संबंध आढळल्याचे काही शास्त्रज्ञांनी नोंदविले. असा संबंध पुढील संशोधनाला दिशा देतो. तो औषधाचा पुरावा नव्हे.

शेतापासून ताटापर्यंत

वनस्पती जमिनीतून जे शोषून घेतात तेच धान्यात उतरते. म्हणून खनिजांच्या उणिवेचा विचार शेतापासूनच करावा लागतो. फिनलंडमधील जमिनीत सिलेनियम फार कमी आहे. तेथील सरकारने १९८४ साली रासायनिक खतांतच सिलेनियम मिसळण्याचा निर्णय घेतला आणि अल्पावधीत साऱ्या देशाच्या धान्यातील, दुधातील आणि लोकांच्या रक्तातील सिलेनियम वाढले. चीनमध्ये केशान रोग आता विरळ झाला आहे. त्याचे श्रेय सिलेनियमच्या गोळ्या आणि मीठ यांना आहे. तितकेच ते राहणीमान सुधारून दूरच्या प्रदेशांतील धान्य खेड्यांपर्यंत पोहोचू लागले, या गोष्टीलाही आहे.

भारतातील जमिनीत जस्ताची उणीव सर्वदूर पसरलेली आहे. तराई प्रदेशात भाताची पाने काताच्या रंगाची होऊन पीक वाया जाई. या 'खैरा' रोगाचे कारण जस्ताची उणीव हे आहे, असे पंतनगर येथील डॉ. यशवंत नेने यांनी १९६६ साली दाखवून दिले. जस्त सल्फेटच्या फवारणीने भात हिरवा झाला. पिकाची उणीव डोळ्यांना दिसते. ते पीक खाणाऱ्या मुलाची उणीव मात्र दिसत नाही. अलीकडे धान्याच्या वाणांतच खनिजे वाढविण्याचे प्रयत्न होत आहेत. हैदराबादजवळील इक्रिसॅट या संस्थेच्या संशोधनातून तयार झालेला 'धनशक्ती' हा बाजरीचा वाण २०१२ साली महाराष्ट्रात प्रसारित झाला. त्यात लोह आणि जस्त सामान्य बाजरीपेक्षा अधिक असते.

आणखी एक अडसर धान्यातच असतो. तृणधान्ये आणि कडधान्ये यांतील फायटिक आम्ल जस्ताला व लोहाला घट्ट बांधून ठेवते आणि ती आतड्यातून शोषली जात नाहीत. आनंद प्रसाद यांच्या रोग्यांच्या रोटीत जस्त मुळीच नव्हते असे नाही. ते बांधलेले होते. भिजविणे, मोड आणणे आणि आंबविणे या क्रियांनी फायटिक आम्लाचे विघटन होते. दक्षिणेतील इडली, गुजरातमधील ढोकळा, महाराष्ट्रातील मोड आलेल्या मटकीची उसळ हे पदार्थ त्यामुळे केवळ रुचकरच नव्हेत, तर धान्यातील खनिजे मोकळी करणारेही आहेत. डाळी, तीळ, शेंगदाणे आणि दूध यांतून जस्त मिळते. मांसाहारी कुटुंबांत मासे, अंडी आणि मांस यांतून जस्त व सिलेनियम ही दोन्ही अधिक सुलभतेने मिळतात. एकाच शेतातील एकाच धान्यावर भागविणाऱ्या कुटुंबाला त्या जमिनीचे सारे गुणदोष वारशाने मिळतात. विविध प्रदेशांचे विविध अन्न खाणाऱ्याला ते एकमेकांनी भरून काढता येतात.

उंदरांवरील प्रयोगांचा खरा अर्थ येथे स्पष्ट होतो. सिलेनियमच्या उणिवेत घातक बनलेला विषाणू सुपोषित उंदरांनाही सोडीत नव्हता. माणसांच्या समाजातही असेच घडत असेल, तर एका वस्तीतील उपाशी मुलाच्या शरीरात बदललेला विषाणू त्या वस्तीच्या सीमेवर थांबणार नाही. लसीकरण, स्वच्छ पाणी आणि औषधोपचार यांची जागा कोणतेही खनिज घेऊ शकत नाही. परंतु सर्वांत गरीब घराच्या ताटात पुरेसे व विविध अन्न पोहोचविणे हे केवळ त्या घरावरील उपकाराचे काम नव्हे. ते साऱ्या समाजाच्या संरक्षणाचे काम आहे.